बेचाळीस शिखरांचे बॉब ग्रॅहॅम

१३ जून १९३२. मध्यरात्र उलटून गेली होती. इंग्लंडच्या उत्तरेकडील केझिक या गावात, बाजारपेठेच्या मधोमध असलेल्या मूट हॉल या जुन्या इमारतीपासून चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ डोंगराच्या दिशेने निघाले. पायांत टेनिस खेळायचे कॅनव्हासचे बूट, खाली लांब हाफपँट आणि अंगात चक्क रात्री झोपताना घालायचा सदरा. दुसऱ्या रात्री ते पुन्हा त्याच इमारतीपाशी आले, तेव्हा २३ तास ३९ मिनिटे झाली होती. मधल्या वेळात त्यांचे पाय ४२ शिखरांना लागून आले होते.

या गृहस्थांचे नाव रॉबर्ट ग्रॅहॅम. सगळे त्यांना बॉब म्हणत. ते ना फौजेतले, ना कुठल्या विद्यापीठाचे खेळाडू. केझिकला त्यांचे एक गेस्ट हाऊस होते आणि सुट्टीत डोंगर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय लावणे हा त्यांचा धंदा.

आपल्या स्मरणिकेत चरित्रे येतात ती बहुतेक संतांची, राजेरजवाड्यांची नाहीतर संगीतातल्या थोर मंडळींची. यंदा आम्ही एका साहेबाचे, आणि तेही गेस्ट हाऊस चालवणाऱ्या साहेबाचे चरित्र घेऊन आलो याचे काहींना नवल वाटेल. पण प्रो. माणिकरावांच्या आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या वडोदऱ्यात शरीर कमावण्यावर लिहायला परवानगी काढावी लागू नये. शिवाय मंडळातले आम्ही पाचसहा जण रविवारी पहाटे पावागढ चढतो. सगळेच चाळिशीचे, निम्म्यांच्या खिशात गोळ्यांची पाकिटे. आमच्यासारख्यांना ग्रॅहॅम जवळचे वाटतात ते त्यांच्या वयामुळे आणि धंदापाणी सांभाळून केलेल्या त्यांच्या उद्योगामुळे.

तिकडच्या उघड्या, गवताळ, खडकाळ डोंगराला फेल म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकला की निकालाचा कागद आठवतो, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा. हा शब्द हजारएक वर्षांपूर्वी त्या भागात वस्ती केलेल्या नॉर्वेकडच्या लोकांच्या भाषेतून आला आणि त्याचा अर्थ डोंगर एवढाच. या डोंगरांवरून धावण्याच्या शर्यतींना फेल रेस म्हणतात. आपल्या गुजरातेत दरवर्षी हिवाळ्यात जुनागढला गिरनारची शर्यत होते. पुरुष अंबाजीच्या मंदिरापर्यंत सुमारे ५,५०० पायऱ्या चढून परत येतात. तीही चेष्टा नव्हे, पण तिथे पायरी असते. फेलवर पायरी नाही, पुष्कळदा पायवाटही नाही. नकाशा आणि होकायंत्र घ्यायचे आणि या माथ्यावरून त्या माथ्यावर जायची आपली वाट आपणच ठरवायची. खाली दलदल, मध्ये गुडघाभर झुडपे, वर सुटे दगड. चढताना शर्यतीतला माणूससुद्धा गुडघ्यांवर हात ठेवून चालतो. धावायचे ते माथ्यावरच्या सपाटीला आणि उतारावर, आणि खरी कसोटी उतारावरच लागते. पावागढ उतरून आल्यावर आमच्या मांड्या दुसऱ्या दिवशी कचेरीचा जिना उतरू देत नाहीत, त्यावरून आम्हाला याची थोडीफार कल्पना आहे.

या सरोवरांच्या प्रदेशातला सर्वांत उंच डोंगर स्कॅफेल पाईक. त्याची उंची फक्त ९७८ मीटर, पण साऱ्या इंग्लंडमध्ये याहून उंच काही नाही. आकडा ऐकून आपले लोक नाक मुरडतील, कारण सह्याद्रीतले कितीतरी किल्ले याहून उंच आहेत. पण हे डोंगर जवळजवळ समुद्रसपाटीपासून उठतात आणि त्यांच्यावर पाऊस विलक्षण पडतो. तिथल्या सीथवेट या वाडीवर वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या निम्म्याहून जास्त. आणि तोही चार महिन्यांत पडून मोकळा होणारा नव्हे, तर बारा महिने झिरपणारा. जून महिन्यातही माथ्यावर ढग उतरला की दहा पावलांपुढचे दिसत नाही.

चोवीस तासांत जास्तीत जास्त शिखरे करून निघालेल्या जागी परत यायचे, हा नाद ग्रॅहॅम यांच्या आधीपासूनचा. १९०५ मध्ये डॉ. आर्थर वेकफील्ड यांनी २२ तास ७ मिनिटांत एक मोठी फेरी मारली होती. हेच वेकफील्ड पुढे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होते, तेव्हा आपल्या दार्जिलिंगची वाट त्यांनी तुडवलेली आहे. त्यांच्यानंतर मँचेस्टरचे इंजिनियर युस्टेस थॉमस यांनी पन्नाशी उलटल्यावर तो विक्रम मोडला. डोंगरात जखमी झालेल्यांना उचलून आणण्याची जी स्ट्रेचर तिकडे अनेक वर्षे वापरात होती ती याच थॉमस यांची. एकूण या नादातली माणसे अशी, पोरसवदा कोणी नाही.

ग्रॅहॅम यांचा जन्म १८८९ चा. म्हणजे थॉमस यांनी विक्रम केला तेव्हा ते तिशीत होते आणि स्वतः निघाले तेव्हा चाळिशी पार. वयाच्या प्रत्येक वर्षाला एक, अशी बेचाळीस शिखरे त्यांनी निवडली, अशी एक गोष्ट सांगतात. आता १९३२ मधून १८८९ वजा केले की वाढदिवसाच्या अलीकडे बेचाळीस आणि पलीकडे त्रेचाळीस येतात. गोष्ट गोड आहे, पण आम्ही तिच्यावर फार भार टाकणार नाही. आधीच्या विक्रमापेक्षा यादी मोठी करायची हे खरे कारण पुरेसे होते.

त्यांच्या तयारीविषयी मात्र थांबून सांगितले पाहिजे. ते डोंगराच्या पायथ्याशी राहणारे. पाहुण्यांची न्याहारी आटोपली की समोर स्किडॉ उभाच. त्यांनी आपल्या फेरीतला प्रत्येक तुकडा आधी अनेकदा पायाखाली घातला. कुठल्या धारेवरून उतरले की दलदल चुकते, कुठे कुंपणाला धरून गेले की धुक्यातही माथा सापडतो, कुठला घळीचा उतार जवळचा दिसतो पण कड्यावर नेऊन सोडतो, हे सारे त्यांना पाठ झाले होते. या पाहणीच्या फेऱ्यांत ते पुष्कळदा अनवाणी जात, का, तर बूट झिजू नयेत म्हणून. हे वाचल्यापासून आमच्यातल्या एका सभासदाने हजारोंचे धावण्याचे बूट घेण्याचा बेत पुढे ढकलला आहे.

आमची नोकरी रस्त्यांच्या खात्यातली. डिप्लोमाला सर्व्हे शिकताना एक गोष्ट मनावर बिंबवली गेली होती, की नकाशावरचे अंतर हे सपाट अंतर असते आणि जमीन नकाशाइतकी सपाट नसते. तिकडे डोंगरात चालणाऱ्यांसाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा घालून दिला, तो आजही वापरतात. दर तीन मैलांना एक तास धरायचा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. ग्रॅहॅम यांची फेरी साधारण ६६ मैलांची, म्हणजे १०६ किलोमीटर. एकूण चढ सुमारे २७,००० फूट, म्हणजे ८,२०० मीटरच्या घरात. मांडा हिशेब. अंतराचे बावीस तास, चढाचे साडेतेरा. बेरीज साडेपस्तीस तास, आणि ती विश्रांती न धरता. धट्टाकट्टा माणूस न थांबता चालला तर साडेपस्तीस तासांनी पोचेल तिथे ग्रॅहॅम चोवीसच्या आत आले.

चढाचा अंदाज आपल्या मापाने यावा म्हणून सांगतो. चांपानेरच्या पायथ्यापासून पावागढचा माथा दिवसात एकदा गाठला की आम्ही फाफडा खायला मोकळे होतो. हा चढ चोवीस तासांत दहाबारा वेळा चढायचा आणि तितक्याच वेळा उतरायचा. उडनखटोला अर्थातच नाही. उलट वेगाचा आकडा काढला तर गंमत होते. १०६ किलोमीटर भागिले २३ तास ३९ मिनिटे, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटरसुद्धा भरत नाही. सकाळी कमाटीबागेत फेऱ्या मारणारे आपले ज्येष्ठ नागरिक याहून वेगाने जातात. म्हणून आम्हाला वाटते की यात वेगाला फारशी किंमत नाही. कामाला येते ती न थांबण्याची सवय आणि जमिनीची ओळख.

आदल्या वर्षी, १९३१ मध्ये, त्यांनी एक प्रयत्न करून पाहिला होता. तो फसला. गावात गेस्ट हाऊस चालवणाऱ्या माणसाचा असा प्रयत्न फसला की त्याचे काय होत असेल हे छोट्या गावात राहिलेल्यांना सांगायला नको. तरी ते वर्षभर पुन्हा तेच डोंगर घोकत राहिले आणि पुढच्या जूनमध्ये निघाले. जून का, तर त्या अक्षांशावर जूनच्या मध्याला रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो आणि पाचच्या आत सूर्य वर येतो. अंधारात चालायचे तास कमीत कमी. कपाळाला बांधायच्या विजेऱ्या तेव्हा कुठे होत्या?

एकट्याने जायचे नाही हेही ठरले होते. फिल डेव्हिडसन, बिल ह्युइटसन, रॉबिन डीन्स आणि मार्टिन रायलंड्स हे चौघे त्यांचे सोबती. सोबत्याचे काम गप्पा मारण्याचे नाही. वाट राखणे, ओझे वाहणे, वेळेवर खाऊ घालणे आणि दमलेल्या माणसाला बसू न देणे, हे त्याचे काम. खाणे तर इतके साधे की आपण एसटीच्या प्रवासालाही याहून जास्त बांधून नेतो. पाव आणि लोणी, उकडलेले अंडे, फळे आणि गोळ्याचॉकलेटे.

आता वाट. ही फेरी आज बहुतेक जण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने करतात आणि तिचे पाच टप्पे धरतात. पहिल्या टप्प्यात केझिकच्या डोक्यावरचा स्किडॉ, मागचा झुडपांनी आणि चिखलाने भरलेला ग्रेट कॅल्व्हा आणि मग ब्लेनकॅथ्रा. तिथून थ्रेलकेल्डला उतरायचे ते लगेच समोरच्या भिंतीसारख्या चढाला लागण्यासाठी. दुसरा टप्पा हेल्वेलिनच्या लांबलचक धारेचा. एकदा वर पोचले की माथ्यामागून माथे येत राहतात आणि माणूस खरोखर धावू शकतो. शेवटी फेअरफील्डचा आडदांड चढ-उतार, मग डनमेल रेझ ही खिंड. केझिकचा गाडीरस्ता याच खिंडीतून दक्षिणेला जातो.

तिसरा टप्पा सर्वांत लांब आणि सर्वांत खडकाळ. लँगडेलच्या शिखरांवरून बोफेल, तिथून पुढे स्कॅफेल पाईक. इथे गवत संपते आणि घराएवढ्या, पेटीएवढ्या दगडांची रास सुरू होते. ओल्या दगडावर पाय सरकला की सगळे तिथेच संपले. आणि स्कॅफेल पाईकवरून शेजारचा स्कॅफेल इतका जवळ दिसतो की दगड मारावा, पण मध्ये मिकलडोर नावाची अरुंद खिंड आणि तिच्यावर ब्रॉड स्टँडचा कडा. कडा चढून जायचे तर वेळ वाचतो पण जीव धोक्यात. वळसा घालायचा तर शेकडो फूट खाली उतरून पुन्हा वर. चाळीस मैल पायांत मुरलेल्या माणसाने हा निर्णय घ्यायचा असतो.

तिथून घसरड्या दगडांवरून खाली वॉसडेल हेडला यायचे. चार घरे, एक इवलेसे चर्च आणि इंग्लंडमधले सर्वांत खोल सरोवर शेजारी. फेरी सोडून देणारे पुष्कळ जण इथेच सोडतात, असे ही फेरी केलेले सांगतात. कारण समोर यूबॅरोचा सरळसोट चढ असतो आणि खाली बसायला जागा असते. चौथ्या टप्प्यात यूबॅरो, पिलर, कर्क फेल आणि ग्रेट गेबल. ग्रेट गेबलच्या माथ्यावर पहिल्या महायुद्धात पडलेल्या गिर्यारोहकांच्या नावांची ब्राँझची पाटी १९२४ मध्ये बसवली होती. ग्रॅहॅम तिथे पोचले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि त्या पाटीवरचे बरेच जण त्यांच्याच पिढीतले. मग होनिस्टरची खिंड, पाचव्या टप्प्यातली डेल हेड, हाइंडस्कार्थ आणि रॉबिन्सन ही तीन शिखरे, आणि शेवटी केझिकपर्यंत काही मैल सरळ रस्ता. डोंगरात तग धरलेले पाय या सपाट रस्त्यावर सर्वांत जास्त बोलतात म्हणे.

१४ जूनला, मध्यरात्रीनंतर, ग्रॅहॅम मूट हॉलपाशी पोचले. चोवीस तासांना एकवीस मिनिटे उरली होती.

आणि मग काय झाले? फारसे काही नाही. ते आपल्या गेस्ट हाऊसकडे वळले. इतके अंतर, इतका चढ, आणि करणारा कोण तर एक गेस्ट हाऊसवाला, हे काही लोकांच्या गळी उतरेना. शंका घेणारे निघाले. ग्रॅहॅम यांनी वाद घालत बसण्यात वेळ दवडला नाही. शंकेला खरे उत्तर एकच होते, दुसऱ्या कोणीतरी तीच फेरी चोवीस तासांत करून दाखवणे. पण ते कोणालाही साधेना. वर्षे गेली, दुसरे महायुद्ध होऊन गेले, एव्हरेस्टवर माणूस पोचला, तरी केझिकची ही फेरी जशीच्या तशी राहिली. अठ्ठावीस वर्षे. आम्हाला या साऱ्या चरित्रात सर्वांत अवघड वाटतात ती ही अठ्ठावीस वर्षे, यूबॅरोच्या चढापेक्षाही. त्रेचाळिसाव्या वर्षी केलेले काम खरे की खोटे याचा निकाल एकाहत्तराव्या वर्षी लागायचा, आणि तोही दुसऱ्याच्या पायांनी.

१९६० मध्ये तो लागला. डोंगरांवर नेमाने लिहिणारे हॅरी ग्रिफिन यांनी वर्तमानपत्रातून ही जुनी गोष्ट उकरून काढली आणि आहे का कोणी, असे आव्हान टाकले. लँकेशायरचे ॲलन हीटन निघाले आणि २२ तास १८ मिनिटांत फेरी पुरी करून आले. त्याच उन्हाळ्यात त्यांचे भाऊ केन आणि स्टॅन ब्रॅडशॉ यांनीही ती केली. म्हणजे ही फेरी माणसाला शक्य आहे हे सिद्ध झाले, आणि १९३२ च्या टेनिसच्या बुटांनी खोटे सांगितलेले नव्हते हेही. तेव्हा ग्रॅहॅम हयात होते. सहा वर्षांनी, १९६६ मध्ये, ते वारले.

पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, त्यांच्या नावाचा क्लब निघाला. त्याचे सभासद व्हायला वर्गणीची पावती किंवा कोणाची ओळख चालत नाही. ४२ शिखरे, २४ तास, एवढीच अट. त्यातही प्रत्येक माथ्यावर सोबत्याची साक्ष लागते आणि वेळ लिहून द्यावी लागते. साक्षीशिवाय कागद पुढे सरकत नाही हा नियम आमच्या खात्यापुरताच आहे असे आम्ही समजत होतो. पण ग्रॅहॅम यांच्यावर घेतलेल्या शंका आठवल्या की ही अट शहाणपणाची वाटते. या फेरीला पंच नाही, छातीवर नंबर नाही, बक्षिसाची रक्कम नाही. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी निघा. आजवर दोन हजारांहून अधिक लोकांनी ती पुरी केली आहे. १९७७ मध्ये जीन डॉज या पहिल्या महिला ठरल्या, त्यांची वेळ २३ तास २७ मिनिटे. म्हणजे ग्रॅहॅम यांच्यापेक्षा बारा मिनिटे आधी.

पुढचे आकडे मात्र डोळे फिरवणारे आहेत. वॉसडेलचे मेंढपाळ जॉस नेलर यांनी १९७५ मध्ये चोवीस तासांत ७२ शिखरे केली. १९८२ मध्ये बिली ब्लँड यांनी ४२ शिखरांची मूळ फेरी १३ तास ५३ मिनिटांत आटोपली. तो विक्रम ३६ वर्षे टिकला, आणि २०१८ मध्ये स्पेनच्या किलियन जोर्नेट यांनी तो १२ तास ५२ मिनिटांवर आणला. आता तोही मोडला आहे. आम्हाला या वेगवान मंडळींविषयी आदर आहे, पण खरे सांगायचे तर ओढ वाटत नाही. तेवीस तास आणि काही मिनिटांत कसेबसे येणाऱ्यांची यादी वाचायला आम्हाला जास्त आवडते. त्यात मास्तर असतात, टपालखात्यातले असतात, साठीचेही असतात. त्यांच्यातले बरेच जण वर्षभर दर शनिवार-रविवार एकेक टप्पा चालून पाठ करतात, ग्रॅहॅम यांनी केला तसाच, फक्त पायांत बूट घालून.

केझिकजवळ ॲशनेसच्या पुलाकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्याच्या कडेला दगड रचून त्यांचे एक लहानसे स्मारक केले आहे. पाटीवर नाव, १८८९ आणि १९६६ ही साले, आणि जून १९३२ मध्ये चोवीस तासांच्या आत ४२ शिखरे केल्याची नोंद आहे. त्या बाजूने पाहिले की खाली डरवेंटवॉटर सरोवर दिसते, पलीकडच्या काठाला केझिक, आणि गावाच्या मागे स्किडॉ.